पाहुणे आले, आता घराबाहेर पडा

शरद ऋतू ही वैद्यांची आई, असे जुनी माणसे म्हणतात. आई जसे लेकराचे पोट भरते तसा हा ऋतू डॉक्टरांचा दवाखाना भरतो, असा त्याचा अर्थ. त्यात फारशी अतिशयोक्ती नाही. पाऊस ओसरतो, डबकी मागे राहतात, दुपारचे ऊन चटके देते आणि पहाटे पांघरूण ओढून घ्यावे लागते. डेंग्यू, मलेरिया, कावीळ, खोकला अशी सगळी मंडळी एकाच वेळी भेटीला येतात. म्हणून दरवर्षी या दिवसांत तापाविषयी चार शब्द लिहिण्याचा माझा प्रघात आहे. या आठवड्यात मात्र याच ऋतूत येणाऱ्या दुसऱ्या पाहुण्यांविषयी लिहायचे ठरवले आहे. आपण मनावर घेतले, तर हे पाहुणे आपली काही दुखणी हलकी करून जातात. मी बोलतो आहे ते स्थलांतर करून येणाऱ्या पक्ष्यांविषयी.

आरोग्याच्या सदरात पक्ष्यांचे काय काम, असे वाचकांना वाटेल. थोडा धीर धरावा.

चालण्याचा कंटाळा

मधुमेह आणि रक्तदाबाच्या प्रत्येक पेशंटला मी न चुकता सांगतो, की रोज अर्धा तास चाला. जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते. प्रौढ माणसाने आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम वेगाचा व्यायाम करावा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत आपल्या देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह असल्याचे दिसून आले. हा आता केवळ पुण्या-मुंबईचा आजार राहिलेला नाही. डोंगर चढून शेतावर जाणारी आपली माणसेही आता बांधापर्यंत मोटारसायकलवर जातात.

पेशंट माझे ऐकून घेतात, मान डोलावतात, आणि पुढच्या महिन्यात वजन तेवढेच असते. भोरमधले एक निवृत्त शिक्षक मला म्हणाले, "डॉक्टर, दोन दिवस जातो. तिसऱ्या दिवशी पाय निघत नाही. तोच रस्ता, तीच माणसे. बघायचे काय?"

त्यांचे म्हणणे खरे होते. गोळी घ्यायला अर्धा मिनिट लागतो, चालायला अर्धा तास. त्या अर्ध्या तासात मनाला काही काम नसेल तर शरीर फार दिवस साथ देत नाही. मी त्यांना म्हटले, "गुरुजी, उद्यापासून चालायला जाऊ नका. नदीवर धोबी आला आहे का, तेवढे पाहून या आणि मला सांगा." चौथ्या दिवशी गुरुजी हजर. म्हणाले, "एक नाही, दोन प्रकारचे आहेत. एकाचे पोट पिवळे आहे." त्या वर्षी ते थेट होळीपर्यंत रोज नदीवर जात राहिले. त्यांची साखर केवळ पक्ष्यांमुळे उतरली असे मी म्हणणार नाही. गोळ्या होत्या, पथ्य होते. पण तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी त्यांच्या बाबतीत पहिल्यांदाच आठच्या खाली आली, हेही तितकेच खरे.

कोण, केव्हा, कोठून

आपल्या भागाचे भाग्य असे, की हे पाहुणे पाहायला कोठे लांब जावे लागत नाही. भोर आणि वेल्हे म्हणजे एका बाजूला सह्याद्रीची रांग, दुसऱ्या बाजूला उघडा माळ, आणि मध्ये नीरा, वेळवंडी, गुंजवणी, कानंदी अशा नद्या व त्यांवरची धरणे. डोंगर, माळ आणि पाणी ही तिन्ही ठिकाणे एका तालुक्यात असली की पक्ष्यांची विविधता आपोआप येते.

सर्वात आधी पोहोचणाऱ्यांत भोरड्या असतात. गुलाबी अंगाच्या आणि काळ्या डोक्याच्या या मैना मध्य आशियातून थव्याने येतात. ज्वारी-बाजरीवर पडतात म्हणून शेतकरी त्यांना गोफणीने हाकलतो. पण याच भोरड्या नाकतोडे आणि टोळही फस्त करतात, हे विसरू नये.

त्यानंतर धोबी. काही गावांत याला परीट म्हणतात. पाण्याकाठच्या दगडावर शेपटी सतत वरखाली आपटत असतो, म्हणून हे नाव. पिवळ्या पोटाचा करडा धोबी भात पोटरीत असतानाच, म्हणजे सप्टेंबरात, ओढ्याकाठी दिसू लागतो. पांढरा धोबी थोडा मागाहून येतो. हिमालयापासून सायबेरियापर्यंतच्या प्रदेशांत यांची वीण होते. वजन जेमतेम वीस ग्रॅम, म्हणजे चहाचे चार चमचे साखर. एवढासा जीव हिमालय आणि अर्धा हिंदुस्थान ओलांडून आपल्या घाटावर उतरतो.

दसऱ्याच्या सुमारास विजेच्या तारांवर माळभिंगऱ्या रांगेने बसलेल्या दिसतात. कंपाउंडच्या भिंतीवर तांबूस शेपटी थरथरवणारा थिरथिरा येतो. तोरणा-राजगडाच्या तटावर निळा शैलकस्तुर एकटाच बसलेला आढळतो, तो हिवाळी पाहुणा. रायरेश्वराच्या पठारावर आणि उघड्या माळरानांवर भोवत्या हा शिकारी पक्षी गवताला घासून जाईल इतक्या खालून घिरट्या घालतो. खरूची हा लहान ससाणा एका जागी हवेत पंख मारत थांबतो आणि खालचा उंदीर हेरतो.

भाटघरसारख्या धरणावर ऑक्टोबरात गेलात तर कदाचित निराशा होईल. धरण काठोकाठ भरलेले असते, आणि पाणपक्ष्यांना हवा असतो उथळ गाळाचा काठ. पाणी उतरू लागले की तो उघडा पडतो. तेव्हा तुतवार, शेकाटे आणि बदके येतात. म्हणून धरणासाठी दिवाळीनंतरचे दिवस बरे. रोहित आणि पट्टकादंब डोळे भरून पाहायचे असतील तर इंदापूर तालुक्यात उजनीच्या पाण्यावर भिगवणला जावे.

येणारे आहेत तसे जाणारेही आहेत. पावसाबरोबर आफ्रिकेतून आलेला चातक याच दिवसांत परत फिरतो, आणि नवरंग दक्षिणेची वाट धरतो. शरद ऋतूत आपले आकाश एस.टी. स्टँडसारखे असते.

साठवलेली चरबी

डॉक्टर म्हणून मला या पक्ष्यांच्या एका गोष्टीचे फार कौतुक वाटते. लांबच्या प्रवासाला निघण्यापूर्वी ते पोटभर खातात आणि अंगावर चरबी चढवतात. काही लहान जातींचे वजन या काळात जवळजवळ दुप्पट होते. एक ग्रॅम साखरेतून चार कॅलरी मिळतात, एक ग्रॅम चरबीतून नऊ. कमी वजनात जास्त इंधन वाहून न्यायचे तर चरबीसारखे दुसरे साधन नाही. मुक्कामी पोहोचेपर्यंत ती चरबी जळून गेलेली असते.

आपणही चरबी साठवतो. फरक इतकाच, की पक्षी पुढच्या प्रवासाला निघतो आणि आपण टीव्हीसमोर बसतो.

आजारातून सुरू झालेला शोध

पक्षी कोठून येतो आणि कोठे जातो याचा माग काढण्यासाठी त्याच्या पायात धातूचे हलके कडे घालतात. त्यावर संस्थेचे नाव आणि क्रमांक असतो. आपल्या देशात हे काम मोठ्या प्रमाणावर सुरू होण्यामागे एका आजाराचा हात होता, हे फार थोड्या लोकांना ठाऊक असते.

१९५७ साली तेव्हाच्या म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि पाठोपाठ माणसांना जोराचा ताप येऊ लागला. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, या तापाचा विषाणू शोधून काढला. तो रशियात आढळणाऱ्या एका विषाणूच्या कुळातला निघाला. तेव्हा शंका आली, की सायबेरियातून येणारे पक्षी अंगावरच्या गोचिडींबरोबर हा विषाणू इकडे आणत असतील काय? त्याचा छडा लावण्यासाठी १९५९-६०च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने डॉ. सालिम अली यांच्या मार्गदर्शनाखाली पक्ष्यांना कडी घालण्याची मोठी मोहीम हाती घेतली.

पुढे असे दिसून आले, की या तापाचा प्रसार करणारी मुख्य गोचीड तिथल्याच जंगलातली आहे, आणि जंगलतोड करून माणूस आत शिरल्यामुळे तो तिच्या वाटेत आला. पक्ष्यांवरचा आरोप काही सिद्ध झाला नाही, पण त्यांचे येण्याजाण्याचे मार्ग मात्र आपल्याला कळू लागले.

आज कड्याच्या जोडीला उपग्रहाशी बोलणारी छोटी यंत्रे आली आहेत. अशाच यंत्रांमुळे कळले, की पट्टकादंब हिमालय ओलांडताना सात हजार मीटरहून अधिक उंची गाठू शकतो. अमूर ससाण्याची गोष्ट तर त्याहून नवलाची. सायबेरिया आणि उत्तर चीनमधून निघालेला, जेमतेम दीडशे ग्रॅम वजनाचा हा पक्षी ईशान्य भारतात थांबतो. २०१२ साली नागालँडमधील दोयांग जलाशयाच्या परिसरात हे ससाणे हजारोंच्या संख्येने जाळ्यात पकडून मारले जात असल्याचे उघड झाले. गावकऱ्यांची समजूत घालण्यात आली, आणि पुढच्याच वर्षी तिथली शिकार थांबली. नोव्हेंबर २०१३ मध्ये तीन ससाण्यांवर यंत्रे बसवली गेली. त्यांची नावे ठेवली नागा, वोखा आणि पांगती. हे पक्षी भारत ओलांडून अरबी समुद्रावरून न थांबता आफ्रिकेत जातात, हे जगाने पाहिले. नोव्हेंबरात त्यांच्यापैकी काही आपल्या सह्याद्रीवरूनही जातात. लोणावळ्याच्या बाजूला ते दिसल्याच्या नोंदी आहेत.

पक्ष्यांमुळे रोग होतो का?

हा प्रश्न मला दवाखान्यात अनेकदा विचारला जातो. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू आढळला. २०२१ च्या जानेवारीत राज्यात तो पुन्हा आला. दोन्ही वेळा लोक इतके घाबरले की अंगणात चिमणी आली तरी दार लावू लागले.

याबाबत तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, लांबून पक्षी पाहिल्याने कोणताही रोग होत नाही. दुसरी, मेलेला किंवा आजारी पक्षी हाताने उचलू नये, मुलांना उचलू देऊ नये. एकाच ठिकाणी बरेच पक्षी मेलेले दिसले तर पशुसंवर्धन विभागाला कळवावे. तिसरी, पक्षी पाहणे वेगळे आणि कबुतरांना रोज दाणे घालून घरात त्यांची वस्ती करून घेणे वेगळे. कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ वर्षानुवर्षे श्वासातून आत गेली तर काहींच्या फुप्फुसांना कायमची इजा होते. दम्याच्या पेशंटनी तर त्यापासून दूरच राहावे.

मनाचे दुखणे

तोरण्याच्या पायथ्याच्या एका वाडीतून एक आजी माझ्याकडे येतात. मालक गेले, एक मुलगा चाकणला, दुसरा पुण्यात. झोप नाही, छातीत धडधड, जेवण जात नाही. कार्डिओग्रॅम काढला, रक्त तपासले, सगळे नॉर्मल. एकटेपणा दाखवील अशी रक्ताची तपासणी अजून निघालेली नाही.

बोलता बोलता मी धोब्याचा विषय काढला. आजी हसल्या. म्हणाल्या, "त्याला काय बघायचं डॉक्टर? त्यो दर सालाला येतो. आमच्या दारापुढं शेणाच्या सारवणावर नाचतो." मी म्हटले, "कोणत्या दिवशी आला ते मला सांगाल का?" पुढच्या खेपेला आजींनी केस पेपर निघण्याआधीच सांगितले, "घटस्थापनेच्या आदल्या दिवशी आला बघा." हे त्यांनी फोनवर नातवालाही सांगितले होते. आता तो नातू दरवर्षी नवरात्र जवळ आले की फोन करून विचारतो, "आजी, धोबी आला का?" आजींच्या झोपेची गोळी मी अजून पूर्ण बंद केलेली नाही, पण अर्ध्यावर आणली आहे. नातवाचा तो फोन हे त्यातले मोठे औषध आहे, असे माझे मत आहे.

यामागे थोडा शास्त्रीय आधारही आहे. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील संशोधकांनी १२९२ लोकांना मोबाईलवरून दिवसातून अनेकदा प्रश्न विचारून एक अभ्यास केला. तो २०२२ साली प्रसिद्ध झाला. पक्षी दिसल्यावर किंवा त्यांचा आवाज ऐकल्यावर लोकांना अधिक बरे वाटत होते, आणि हा परिणाम काही तास, जास्तीत जास्त आठ तासांपर्यंत टिकत होता. नैराश्याचा आजार असलेल्यांमध्येही तो दिसला. मात्र याचा अर्थ औषधे बंद करावीत असा कोणी घेऊ नये. पक्षी हे औषधाच्या जोडीचे पथ्य आहे.

काही सूचना

पक्षी पाहायला निघालेला माणूस रेंगाळत चालतो, त्यामुळे त्याला पुरता व्यायाम होत नाही. म्हणून ठरलेल्या जागेपर्यंत झपाझप चालावे, तिथे पंधरा मिनिटे शांत उभे राहावे, आणि परत येताना पुन्हा झपाझप यावे. सकाळी सूर्योदयानंतरचा पहिला तास सर्वात चांगला.

मधुमेहींनी अनवाणी किंवा नुसत्या चपलेवर जाऊ नये. मोजे आणि बूट घालावेत, घरी आल्यावर तळपाय पाहावेत, आणि खिशात चार खडे साखर ठेवावी. इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी लांब जाऊ नये. मानेच्या मणक्याचा त्रास असलेल्यांनी फार वेळ मान वर करून पाहू नये, चक्कर येते. त्यांनी पाण्याकाठचे आणि तारेवरचे पक्षी पाहावेत.

भातकापणीच्या दिवसांत बांधावर साप असतात. घोणस आणि फुरसे आपल्या भागात आहेत. गवतात पाय टाकण्याआधी काठी आपटावी. साप चावलाच तर कापू नये, करकचून बांधू नये, मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. १०८ क्रमांकाला फोन करून थेट सरकारी रुग्णालय गाठावे. गवतातून आल्यावर अंगावर गोचीड किंवा बारीक कीड आहे का ते पाहून आंघोळ करावी. त्यानंतर आठ-पंधरा दिवसांत ताप आला आणि अंगावर कोठे काळी खपली दिसली, तर डॉक्टरांना ती आवर्जून दाखवावी. तो स्क्रब टायफस असू शकतो. वेळेवर ओळखला तर साध्या गोळ्यांनी बरा होतो, दुर्लक्ष केले तर जिवावर बेततो.

आणखी एक फायदा सांगतो. शेजाऱ्याला तारेवरचा पक्षी दिसतो आणि आपल्याला नुसती तारच दिसते, तर डोळे तपासून घ्यावेत. मोतीबिंदू असू शकतो, आणि मधुमेहींमध्ये डोळ्याचा पडदाही बिघडलेला असू शकतो. नातवाला बारीक शीळ ऐकू येते आणि आपल्याला येत नाही, तर कान तपासावेत.

सुरुवात कशी करावी?

दुर्बीण लगेच घेण्याची गरज नाही. घेतलीच तर आठ पट दाखवणारी पुरे, त्याहून मोठी हातात हलते. नावांसाठी मराठीत मारुती चितमपल्ली यांचा 'पक्षीकोश' आहे. आयुष्य जंगलात घालवलेले चितमपल्ली जून २०२५ मध्ये आपल्यातून गेले. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि डॉ. सालिम अली यांचा १२ नोव्हेंबर. या दोन तारखांमधला आठवडा २०२० पासून राज्यात पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. सुरुवातीला याहून चांगला मुहूर्त शोधायला नको. मोबाईल वापरणाऱ्या मुलांनी आपल्या नोंदी ई-बर्डवर टाकाव्यात. त्या जगभरच्या अभ्यासकांना उपयोगी पडतात.

ज्यांना हे जमत नाही त्यांनी घरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी एक शब्द लिहावा. 'धोबी आला.' 'भोरड्या दिसल्या.' 'माळभिंगऱ्या गेल्या.' अशी चार-पाच वर्षांची कॅलेंडरे जपून ठेवली, तर पाऊस लांबला की पाहुणे केव्हा येतात आणि थंडी कमी पडली की केव्हा जातात, याचा आपल्या गावापुरता खरा हिशेब तयार होईल. तो लिहिण्यासाठी पदवी लागत नाही. पायात कडे असलेला पक्षी मेलेला आढळला तर हात न लावता कड्यावरचे अक्षर आणि अंक टिपून घ्यावेत, फोटो काढावा, आणि वन विभागामार्फत किंवा थेट कड्यावरच्या संस्थेला कळवावे.

पुढच्या तपासणीला माझ्याकडे येताना साखरेच्या रिपोर्टबरोबर ते कॅलेंडरचे पानही घेऊन या. रिपोर्ट मी वाचीन, आणि पानावरची तारीख तुम्ही मला वाचून दाखवा.